बुळकांडी गेली, भावकी उरली

माणसाने आजवर दोनच रोग पृथ्वीवरून पुरते घालवले. पहिला देवी. दुसरा कोणता असे विचारले तर बहुतेक जण पोलिओ म्हणतात. पोलिओ अजून गेलेला नाही. दुसरा रोग गुराढोरांचा, बुळकांडी. चाळिशीच्या आतल्या शेतकऱ्याने तो पाहिलेला नाही. घरातली म्हातारी माणसे कधी बोलली असतील, तर नाव तेवढे कानावर आले असेल.

ज्यांनी पाहिला ते विसरत नाहीत. आधी ताप, मग डोळ्या-नाकातून पाणी, हिरड्यांवर कोंडा चिकटल्यासारखे चट्टे, आणि मग जनावराला आतून रिकामे करणारी, रक्त मिसळलेली, घाण वासाची हगवण. आठ-दहा दिवसांत बैल आडवा. जिथे हा रोग पूर्वी कधी आलेला नव्हता तिथे शंभरातली ऐंशी-नव्वद गुरे जात. १८९०च्या दशकात तो आफ्रिकेत पसरला तेव्हा गुरांवर जगणारे समाज मोडून पडले. इथिओपियातल्या त्या काळच्या भीषण दुष्काळात पाऊस रुसला होता हे खरे, पण नांगराला बैलही उरले नव्हते.

या रोगाच्या शेवटाची गोष्ट सांगताना मुक्तेश्वर, केनिया, रोम ही नावे येतात. बंगळुरूचे नाव क्वचित येते. लस टोचली की रोग आटोक्यात येतो, एवढे सगळ्यांना कळते. पण समोरचे आजारी जनावर बुळकांडीचे नाहीच, दुसऱ्याच कशाचे तरी आहे, हे सांगता आल्याशिवाय ‘रोग संपला’ असे कुणालाच म्हणता येत नाही. ते सांगण्यासाठी विषाणू पेशीत शिरून नेमके काय करतो ते पाहावे लागते. त्या पाहण्याचा मोठा भाग बंगळुरूत झाला.

सुरुवात मात्र पुण्याची. १८७१मध्ये हॅलन यांच्या अध्यक्षतेखालच्या गुरांच्या साथींच्या आयोगाने अहवाल दिला, आणि बऱ्याच सरकारी रेंगाळण्यानंतर ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात इंपीरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी उघडली. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख. गजबजलेल्या शहरात असले सांसर्गिक रोग हाताळणे धोक्याचे, म्हणून १८९३मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था, म्हणजे आयव्हीआरआय, ती हीच. १८९७मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईत आलेले रॉबर्ट कॉख तिथेही जाऊन आले. त्याआधी काही महिने दक्षिण आफ्रिकेत त्यांनी बुळकांडीने मेलेल्या जनावराचे पित्त निरोगी गुरांना टोचण्याची युक्ती काढली होती. ऐकायला अघोरी वाटते, पण काही अंशी ती चालायची.

पुढे रक्तद्रव आला. बुळकांडीतून वाचलेल्या जनावराच्या रक्तातला रक्तद्रव आणि आजारी जनावराचे रक्त एकाच वेळी टोचायचे, म्हणजे रोग होतोही आणि आवरतोही. या पद्धतीला रक्तद्रव लागे तो पिंपांनी. म्हणून म्हैसूर संस्थानाने १९२०च्या दशकात बंगळुरूला हेब्बाळ येथे म्हैसूर सीरम इन्स्टिट्यूट काढली. आज विमानतळाकडे जाणारा बळ्ळारी रस्ता हेब्बाळवरून जातो. उड्डाणपुलावर अडकलेल्या गाड्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल, की खालच्या या भागात शंभर वर्षे जनावरांच्या लशी बनत आहेत? कर्नाटक सरकारची पशुआरोग्य संस्था, पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि आयव्हीआरआयचे केंद्र, तिन्ही या एका टापूत आहेत.

त्याच दशकात मुक्तेश्वरला एडवर्ड्स यांनी विषाणू गुरांऐवजी शेळ्यांत वाढवायला घेतला. एका शेळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. अशा फेऱ्या होता होता त्याची गुरांवरची धार बोथट झाली, आणि ही ‘शेळीची लस’ पुढे काही दशके भारताने वापरली. देशी मैदानी गुरांना ती मानवे. डोंगरी आणि संकरित गुरांना तिचाच ताप भरे, गाभण गायी गाभडत. नंतर केनियात वॉल्टर प्लोराइट यांनी तेच तत्त्व काचेच्या बाटलीत आणले. वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशी वाढवायच्या, त्यांत विषाणू सोडायचा, आणि तिथून पुढच्या बाटलीत न्यायचा. नव्वदच्या आसपास फेऱ्यांनंतर जो विषाणू उरला तो पेशीत उत्तम वाढे, पण जनावराला आजारी पाडत नसे, आणि एका टोचणीत जन्मभराचे संरक्षण देई. १९६०च्या सुमाराची ही लस. तिच्यासाठी प्लोराइटना १९९९मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. विषाणू सौम्य का झाला, त्याच्या आत नेमके काय बदलले, हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हते.

भारतात १९५४पासून राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम चालू होता. रोग खूप घटला, पण संपेना, आणि दक्षिणेकडच्या राज्यांत तर पुन्हा पुन्हा डोके वर काढी. त्यातच मेंढ्या-शेळ्यांत बुळकांडीसारख्या आजाराच्या बातम्या येत. तीच लक्षणे: नाक गळणे, तोंड येणे, हगवण, वर न्यूमोनिया. दप्तरात नोंद व्हायची ‘शेळ्या-मेंढ्यांतील बुळकांडी’. आता विचार करा. मेंढ्यांत बुळकांडी मुरलेली असेल तर गुरांना कितीही लस टोचा, रोग शेजारच्या कळपात दबा धरून बसलेलाच. मोहीम मग अनंतकाळ चालणार.

१९८७मध्ये तमिळनाडूत आरसूर या गावी मेंढ्यांत साथ आली. नमुने बंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेत आले. रिक्षावाले जिला अजून ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात तीच ही संस्था. जमशेटजींच्या कल्पनेतून आणि म्हैसूरच्या राजघराण्याने दिलेल्या जमिनीवर १९०९मध्ये उभी राहिली. तिथल्या सूक्ष्मजीव व पेशी जीवशास्त्र विभागात प्रा. एम. एस. शैला यांचा गट विषाणूंवर काम करत होता. त्यांनी आणि तमिळनाडूतल्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की आरसूरचा विषाणू बुळकांडीचा नाहीच. तो आहे ‘पेस्त दे पेती र्‍युमिना’, म्हणजे लहान रवंथ करणाऱ्यांची साथ, पीपीआर. १९४२मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये या रोगाचे पहिले वर्णन झाले होते. बरीच वर्षे तो बुळकांडीचाच पोटभेद समजला गेला, आणि वेगळा विषाणू म्हणून मान्यता मिळाली ती १९७९मध्ये. भारतातली त्याची ही पहिली नोंद १९८९मध्ये प्रसिद्ध झाली.

हा शोध फार गाजला नाही. माझ्या मते निर्मूलनाच्या इतिहासात त्याची जागा लशीच्या बरोबरीची आहे. दोन्ही विषाणू एकाच भावकीतले. गोवर, कुत्र्यांचा डिस्टेंपर, बुळकांडी, पीपीआर, सगळ्यांचा मूळ पुरुष एक. गोवर तर बुळकांडीच्या घराण्यातूनच फुटून माणसात आला, आणि २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ती फूट ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या आसपासची ठरवली. भाऊबंद इतके सारखे की एकाविरुद्धची प्रतिद्रव्ये दुसऱ्यालाही काही प्रमाणात ओळखतात. जुन्या रक्तचाचण्या त्यामुळेच फसायच्या. वेगळेपण दिसले ते जनुकांच्या पातळीवर. पुढे १९९६मध्ये शैला यांनी इंग्लंडच्या पर्ब्राइट संस्थेतले टॉम बॅरेट आणि इतरांसह पीपीआरच्या एका जनुकाच्या लहानशा तुकड्यावरून जगभरातले नमुने लावून पाहिले आणि त्यांचे चार वंश ठरवले. नवी साथ कुठून आली हे शोधताना पशुवैद्यक आजही या चार वंशांच्या भाषेतच बोलतात.

आता पेशीच्या आत जाऊ. जरा सावकाश जाऊ, कारण खरी करामत तिथेच आहे.

बुळकांडीचा विषाणू म्हणजे चरबीच्या पातळ आवरणात गुंडाळलेला आरएनएचा एक धागा, १५,८८२ अक्षरांचा. या आकड्याला सहाने भागा, बरोबर २,६४७ येतात. पीपीआरचा धागा १५,९४८ अक्षरांचा, तोही सहाने निःशेष भागला जातो. गोवराचा १५,८९४, तोही. हा योगायोग नव्हे. विषाणूचे एक प्रथिन, ज्याला एन म्हणतात, या धाग्यावर ओळीने बसते, आणि प्रत्येक एन बरोबर सहा अक्षरे झाकतो. धागा एका अक्षराने लांब किंवा आखूड झाला तर शेवटचे टोक उघडे पडते आणि त्याची नक्कल नीट होत नाही. निसर्गाने इतका काटेकोर हिशेब ठेवलेला क्वचित दिसतो.

धागा उलट्या अक्षरांत लिहिलेला असतो. जनावराच्या पेशीला तो वाचता येत नाही. म्हणून विषाणू स्वतःचा वाचक बरोबर घेऊनच शिरतो: एल नावाचे प्रचंड प्रथिन आणि त्याचा मदतनीस पी. ही जोडी धाग्याच्या एकाच टोकाला चढते आणि सहा जनुके क्रमाने वाचत जाते, एन, पी, एम, एफ, एच, एल. दोन जनुकांच्या मध्ये थोडी अडखळण असते आणि तिथे काही वाचक गळून पडतात. त्यामुळे पहिल्या एनच्या प्रती सर्वांत जास्त, शेवटच्या एलच्या सर्वांत कमी. विषाणूला गरजही तशीच आहे. धागा झाकायला एन हजारो लागतात, एल थोडे पुरतात. कुठले प्रथिन किती बनवायचे हे जनुकांच्या नुसत्या क्रमानेच ठरून जाते. १९६५मध्ये नागपूरच्या चांदीपुरा भागात सापडलेला आणि तेच नाव धारण करणारा विषाणू दूरच्या शाखेतला, पण त्याचाही वाचक असाच एका टोकावरून चालत जातो.

शैला यांच्या गटाने वर्षानुवर्षे हीच जोडी उलगडली. जिवंत, जहाल विषाणू हाताळायची गरज नव्हती. लशीतला सौम्य विषाणू व्हेरो नावाच्या माकडाच्या मूत्रपिंडपेशींत वाढवता येई, आणि एकेक प्रथिन सुटे बनवायचे तर कीटकांच्या पेशी होत्या. या पेशी ज्या अळीपासून मिळवल्या ती म्हणजे अमेरिकन लष्करी अळी, २०१८पासून आपल्याकडे मक्याचा फडशा पाडणारी तीच. शेतकऱ्याची वैरीण प्रयोगशाळेत अशी उपयोगी पडते. अशा पेशींत बनवलेले एल आणि पी एकत्र आणून परीक्षानळीतच विषाणूचे संदेश लिहून घेता आले. एल नुसता वाचक नाही, संदेशाच्या डोक्यावर पेशीला ओळखू येणारी टोपी चढवण्याच्या कामातल्या दोन पायऱ्याही तोच पार पाडतो, हे २००९च्या शोधनिबंधात दाखवले गेले. त्याआधी २००४मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली होती. पी या मदतनीसावर जनावराच्या पेशीतलेच एक विकर, केसीन कायनेज दोन, फॉस्फेटचा शिक्का मारते, आणि तो शिक्का बसल्याशिवाय पी नीट काम करू शकत नाही. म्हणजे घरात घुसलेल्या परक्याला परवाना घरमालकाचाच लागतो आणि मालक तो देऊनही टाकतो.

मग जनावर मरते कशाने? त्याचे उत्तर पेशीच्या दारात आहे. विषाणूच्या अंगावर दोन प्रथिने असतात. एच दार शोधते, एफ दोन पडदे एकमेकांत विरघळवून आत शिरते. २०००-२००१मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की गोवर, बुळकांडी आणि डिस्टेंपर तिघेही एकाच दारातून जातात. ते दार प्रतिकाराच्या पांढऱ्या पेशींवर असते, नाव स्लॅम. ज्यांनी लढायचे त्यांनाच हा विषाणू आधी गाठतो. दुसरे दार, नेक्टिन-४, तोंड, आतडे, श्वासनलिका यांच्या अस्तरावर असते, आणि ते २०११मध्ये गोवराच्या अभ्यासातून कळले. दोन्ही दारे एकत्र ठेवली की बुळकांडीचे जुने वर्णन जसेच्या तसे समोर उभे राहते: हिरड्यांचे चट्टे, आतड्याचे सोललेले अस्तर, आणि प्रतिकार खचल्यामुळे मागाहून येणारे इतर आजार. बाधित पेशी शेजारच्या पेशींना चिकटून एक होतात आणि दहा-वीस केंद्रकांची एकच राक्षसी पेशी तयार होते. सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसली की हा विषाणू याच भावकीतला, हे अनुभवी नजरेला लगेच कळते.

बंगळुरूतल्या कामाचा सर्वांत रंगीत भाग शेंगदाण्याचा. प्लोराइटची लस उत्तम होती, पण तिला थंडी लागे, आणि लस टोचलेल्या गुराच्या रक्तातून रोग झालेला की लस दिलेली, हे ओळखता येत नसे. मग फक्त एच हे प्रथिन गुराच्या पोटात घालता आले तर? विज्ञान संस्थेतच प्रा. जी. लक्ष्मी सीता होत्या. चंदनाची रोपे ऊतीसंवर्धनाने तयार करण्यासाठी त्यांचे नाव होते. दोन गटांनी मिळून बुळकांडीचे एच जनुक भुईमुगात घातले, तसेच तुरीतही. जनावर जे आवडीने खाते त्यातूनच लस, अशी कल्पना. २००३मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की असा भुईमूग खाल्लेल्या गुरांच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार झाली, आणि ती परीक्षानळीत विषाणूला निष्प्रभ करू शकली.

वैरणीतून लस! पण तारीख पाहा, २००३. भारतात बुळकांडीचे शेवटचे जनावर १९९५मध्ये सापडले होते. भुईमूग उगवला तोवर रोग देश सोडून गेलेला. कुणाला हे वाया गेलेले काम वाटेल. मला तसे वाटत नाही. खाण्यातून दिलेले परके प्रथिन रवंथ करणाऱ्या जनावराच्या चार कप्प्यांच्या पोटातून तग धरून प्रतिकार जागवते का, हा प्रश्न बुळकांडीपुरता नव्हता. मात्र अशी रोपे शेतात लावायला कुठल्या परवानग्या लागल्या असत्या आणि त्या कधी मिळाल्या असत्या, याचा विचार न केलेलाच बरा.

इकडे १९९२पासून युरोपीय मदतीने नवा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला होता. त्याचा भर टोचण्यापेक्षा शोधण्यावर होता. माणसे गावोगाव, आठवडी बाजारात, गुरांच्या वाटांवर फिरून विचारत: अशी लक्षणे कुठे दिसली का? नमुने घ्यायचे, प्रयोगशाळेत पाठवायचे. शेळ्या-मेंढ्यांचा आजार पीपीआरचा ठरला की ते प्रकरण बुळकांडीच्या खात्यातून वजा. आरसूरची किंमत इथे कळते. मग आला सगळ्यांत धाडसी निर्णय, लस टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा. लस चालू असेतो गुरांच्या रक्तात प्रतिद्रव्ये सापडणारच, आणि मग रोग गेला की नाही ते कळणार कसे? बंद केल्यानंतर जन्मलेल्या वासरांच्या रक्तात काही सापडले नाही तरच तो गेला. २००४मध्ये भारत रोगमुक्त जाहीर झाला, २००६मध्ये संसर्गमुक्त, आणि २०११मध्ये जगानेच घोषणा केली. देवीच्या घोषणेला तेव्हा ३१ वर्षे झाली होती.

घोषणेनंतर एक विचित्र काम उरते: प्रयोगशाळांच्या शीतकपाटांत झोपलेल्या विषाणूंचे करायचे काय? आंतरराष्ट्रीय परवानगीविना त्यावर प्रयोग करणे बंद झाले. पर्ब्राइटने आपल्या साठ्यातल्या नमुन्यांचे जनुकीय वाचन पूर्ण केले आणि २०१९मध्ये साठा जाळून टाकला. भारताकडचा साठा भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत आहे, आणि मे २०२५मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटना व अन्न-कृषी संघटनेने तिला अधिकृत ‘अ’ वर्ग साठवण केंद्र ठरवले. असा दर्जा असलेल्या संस्था जगात मोजक्याच.

भावकी मात्र जोरात आहे. पीपीआर सुरुवातीला दक्षिणेपुरता वाटला. १९९४पासून उत्तरेतही सापडू लागला, आणि आज देशभर आहे. जगातही पसरतोच आहे. २०१६-१७मध्ये मंगोलियाच्या गवताळ रानातली सायगा हरणे त्याने हजारोंनी मारली, आणि २०२४च्या उन्हाळ्यात तो ग्रीस व रोमानियात उगवला. २०१५मध्ये आबिजानच्या परिषदेत २०३०पर्यंत त्याचे निर्मूलन करायचे ठरले. बुळकांडीचा विजय ताजा होता, त्या जोरावर घेतलेला हा निर्णय. विज्ञानाच्या बाजूने पाहता अडचण कमी आहे. भारताच्या स्वतःच्या लशी आहेत, मुक्तेश्वरला बनलेली सुंगरी ९६ आणि चेन्नईची आरसूर ८७. दुसरी त्याच गावच्या विषाणूपासून केलेली. एक टोचणी निदान तीन वर्षे पुरते.

अडचण कळपाची आहे. गाय पाच-दहा वर्षे गोठ्यात राहते. बोकड वर्षाच्या आत कसायाकडे जातो आणि त्याच्या जागी नवे, न टोचलेले करडू येते. त्यात धनगरांचे वाडे सतत चालते, पावसामागे आणि चाऱ्यामागे, महाराष्ट्रातून कर्नाटकात आणि परत. एका तालुक्याने ९० टक्के टोचणी केली आणि शेजारच्याने ४० टक्के, तर वाटेत भेटलेले कळप हिशेब चुकवतात. यलहंक्याजवळ केंद्र सरकारची निवेदी ही संस्था आहे. जनावरांच्या रोगांची पाहणी आणि अंदाज हे तिचे काम, आणि पीपीआरची आकडेवारी तिच्याकडे गोळा होते. कुठे, कोणत्या महिन्यात, कोणत्या कळपात साथ येईल याचे गणित तिथे मांडले जाते.

आणखी एक प्रश्न जाणकारांच्या मनात आहे. पीपीआर गुरांत शिरतो, पण त्यांना आजारी पाडत नाही, रक्तात फक्त प्रतिद्रव्ये ठेवून जातो. पूर्वी गुरांना बुळकांडीची लस असल्याने भावकीतल्या कुणालाही पाऊल रोवणे अवघड होते. ती लस बंद होऊन आता बरीच वर्षे झाली, आणि देशातल्या बहुतेक गुरांच्या रक्तात त्या घराण्याविरुद्ध काहीच उरलेले नाही. स्लॅमचे दार गुरांतही आहे आणि शेळीतही, फार थोड्या फरकाने. तेवढा फरक ओलांडायला पीपीआरच्या एचमध्ये किती अक्षरे बदलावी लागतील, हे प्रयोगशाळेत मोजता येते. म्हणून शेळ्या-मेंढ्यांच्या साथीत नमुने घेताना शेजारच्या गोठ्यातल्या गुरांचेही रक्त घ्यावे लागते. गुराला काही झालेले नसते आणि मालकाची कुरकुर असते, तरी घ्यावे लागते.